टोकियोच्या रस्त्यांवरचा पहिला महिना : एका विद्यार्थिनीस पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

एप्रिलच्या सुरुवातीपासून तू टोकियोत केलेली टिपणे मी सविस्तर वाचली. पाने भरपूर आहेत, अक्षर घाईचे आहे आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत आश्चर्याचा सूर टिकून आहे. हे सगळे मला आवडले. नव्या शहरातला विस्मय फार काळ पुरत नाही. आणखी दोन-तीन महिन्यांनी या वहीतल्या निम्म्या गोष्टी तुझ्या नजरेलाच पडणार नाहीत, म्हणून आज जे चमत्कारिक वाटते किंवा खटकते ते सारे बिनदिक्कत लिहून ठेव. मात्र एका गोष्टीबद्दल तुला आत्ताच सावध करणे भाग आहे. जवळजवळ प्रत्येक टिपणाच्या शेवटी तू एक वाक्य जोडले आहेस: जपानी माणूस शिस्तप्रिय असतो, जपानी माणूस प्रामाणिक असतो, जपानी माणसाला दुसऱ्याच्या गैरसोयीची काळजी असते. ही वाक्ये तुला टोकियोच्या रस्त्यावर सापडलेली नाहीत. ती तू येथूनच सामानात भरून नेली होतीस. आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर जपानच्या शिस्तीचे गुणगान सतत फिरत असते आणि तेच वाचत तुझी पिढी मोठी झाली. ती वाक्ये खोडून टाक, असे मी म्हणत नाही. पुढचे काही महिने त्या जागी फक्त एक प्रश्न लिहीत जा: हे असे घडावे म्हणून येथे कोणी, केव्हा आणि काय केले? माणसांच्या स्वभावाकडे वळण्यापूर्वी रस्त्यामागची व्यवस्था पाहावी, एवढेच मला या पत्रात सांगायचे आहे. पुढची पाने त्याच्या उदाहरणांची आहेत, आणि ती बहुतेक तुझ्याच टिपणांतून घेतली आहेत.

पहिले उदाहरण तुझ्या गल्लीचे. गल्ली इतकी अरुंद की समोरासमोरून आलेल्या दोघांना छत्र्या तिरक्या कराव्या लागतात, आणि तरीही कडेला एकही मोटार उभी नाही, हे तू अचूक टिपले आहेस. त्यापुढे मात्र लगेच ‘लोकांना केवढी जाणीव आहे’ असे लिहून मोकळी झालीस. जपानमध्ये १९६२ साली वाहनतळासंबंधी एक कायदा झाला. मोटार घ्यायची असेल तर ती ठेवण्याची हक्काची जागा रस्त्याबाहेर आणि घरापासून दोन किलोमीटरच्या आत आहे, असा दाखला पोलीस ठाण्यातून आणावा लागतो. रस्ता हा स्वतःचा वाहनतळ म्हणून वापरण्यास त्याच कायद्याने मनाई आहे. एकाच ठिकाणी दिवसा बारा तासांहून किंवा रात्री आठ तासांहून अधिक काळ गाडी उभी ठेवता येत नाही. ज्याच्याकडे जागा नाही, त्याच्याकडे बहुधा मोटारही नाही. शिवाय २००६ पासून बेकायदा उभ्या केलेल्या गाड्या टिपण्याचे काम पोलिसांनी खासगी निरीक्षकांकडेही सोपवले आहे. हिरव्या गणवेशातली ही माणसे जोडीने फिरतात, गाडीचे छायाचित्र घेतात आणि काचेवर पिवळा कागद चिकटवून पुढे जातात. अशी एखादी जोडी दिसली की अंतर राखून थोडा वेळ तिच्या मागे चाल. कोणत्या गाडीपाशी ती थांबते, मालवाहू गाडीचा चालक तिला पाहून कसा धावत येतो, हे पाहिल्यावर रिकाम्या गल्लीचे चित्र पुरे होईल. जाणीव असेलही, मी नाकारत नाही. परंतु साठ वर्षे चाललेल्या दाखल्याच्या पद्धतीने तिला चांगलाच हातभार लावला आहे.

त्याच गल्लीत आणखी एक गोष्ट आहे, जी तुझ्या नजरेतून निसटली. जुन्या घरांच्या रांगेत मध्येच एखादे नवे घर हातभर मागे सरकून उभे असेल आणि त्याच्यापुढे डांबराचा किंवा काँक्रीटचा एक अरुंद, वेगळ्या रंगाचा पट्टा असेल. १९५०च्या इमारत कायद्यानुसार घराला लागून किमान चार मीटर रुंदीचा रस्ता हवा. जुन्या गल्ल्या त्याहून अरुंद आहेत. म्हणून घर पाडून नवे बांधताना मालकाला गल्लीच्या मध्यरेषेपासून साधारणपणे दोन मीटर मागे सरावे लागते. याचा अर्थ असा की गल्ली रुंद होते आहे, पण एकेका घराच्या पुनर्बांधणीबरोबर, दातेरी कडेने, कित्येक दशकांच्या अवधीत. तू ज्या गल्लीतून रोज स्थानकाकडे जातेस, ती जाताना पावलांनी मोज आणि कोणती घरे मागे सरली आहेत, कोणती सरलेली नाहीत, याचा कच्चा नकाशा काढ. ज्या घरांपुढे मालकांनी तो मोकळा झालेला पट्टा हळूच कुंड्या मांडून पुन्हा ताब्यात घेतला आहे, ती घरे वेगळ्या खुणेने दाखव. कुंड्यांची ही आक्रमणे मला फार प्रिय आहेत. थर्मोकोलच्या मासळीच्या खोक्यात लावलेली मिरची, भिंतीच्या पायथ्याशी मांजरांना दूर ठेवण्यासाठी पाणी भरून ओळीने ठेवलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, एखाद्या झाडाची मुळे कुंडी फोडून थेट डांबरात शिरलेली. नियम आणि माणूस यांचा समझोता पाहायचा असेल तर याहून चांगली जागा टोकियोत सापडणार नाही.

आता प्रामाणिकपणाकडे येऊ. तुझ्या मैत्रिणीचे पाकीट दुसऱ्या दिवशी पैशांसकट परत मिळाले, या प्रसंगाने तू भारावून गेली आहेस, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु पाकीट सापडलेल्या माणसाने ते नेले कुठे? कोपऱ्यावरच्या कोबानमध्ये, म्हणजे एक-दोन खोल्यांच्या पोलीस चौकीत. टोकियोत ही चौकीची पद्धत १८७४ पासून आहे आणि शहरात ती इतकी दाट पसरली आहे की पाकीट जमा करायला फारसे दूर जावे लागत नाही. तेथे त्या माणसाला पोचपावती मिळाली असणार. जपानच्या हरवलेल्या वस्तूंच्या कायद्यानुसार मालकाने वस्तू परत घेताना सापडणाऱ्याला तिच्या किमतीच्या ५ ते २० टक्क्यांपर्यंत मोबदला द्यायचा असतो, आणि तीन महिन्यांत मालक सापडला नाही तर पैसे किंवा साधी वस्तू सापडणाऱ्याच्या मालकीची होऊ शकते. बरेच लोक मोबदल्याचा हक्क सोडून देतात, ही गोष्ट वेगळी. माझे म्हणणे एवढेच की जवळची चौकी, लेखी नोंद आणि कायद्याने ठरवलेला वाटा या तिन्ही गोष्टी असल्या की प्रामाणिक राहणे पुष्कळ सोपे होते. आणि या चित्राची दुसरी बाजूही नोंदवून ठेव. त्याच शहरात दुकानाबाहेरच्या स्टँडमधली पारदर्शक छत्री बघता बघता नाहीशी होते, सायकली चोरीला जातात, आणि म्हणूनच प्रत्येक सायकलीची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. पाकीट परत येते आणि छत्री येत नाही, यातला फरक राष्ट्रीय स्वभावाने उलगडत नाही.

कचऱ्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण जपानला गेलेल्या प्रत्येकाने त्यावर लिहिले आहे. रस्त्यावर कचरापेट्या नाहीत याचा संबंध बऱ्याच अंशी २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेत झालेल्या सारिन या विषारी वायूच्या हल्ल्याशी आहे. त्यानंतर स्थानकांवरच्या आणि सार्वजनिक जागांतल्या पेट्या मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. लोक कचरा घरी नेतात हे खरे, पण घरी नेलेल्या कचऱ्याचे पुढे काय होते ते पाहायचे असेल तर सकाळी आठच्या आत बाहेर पड. ठरलेल्या वारी ठरलेल्या प्रकारच्या पिशव्या, त्यांच्यावर कावळ्यांपासून बचावासाठी टाकलेली जाळी, आणि जाळीच्या कडेने चोच घालणारा कावळा, हे दृश्य तुझ्या वहीत असलेच पाहिजे. टोकियोतले हे कावळे अंगाने दांडगे असतात. २००१ पासून महानगर प्रशासनाने त्यांना पकडण्याची मोहीमच हाती घेतली होती. चुकीच्या वारी ठेवलेली पिशवी कामगार तशीच सोडून जातात आणि तिच्यावर कारण सांगणारी चिठ्ठी लावतात. त्या एकाकी पिशवीभोवती शेजाऱ्यांचे जे राजकारण चालते, ते कोणत्याही पर्यटकाला दिसत नाही. तुला दिसू शकेल, कारण तू त्या गल्लीत राहतेस.

शिस्तीच्या कल्पनेला तडा देणाऱ्या गोष्टींकडे तू मुद्दाम लक्ष द्यावेस, अशी माझी अपेक्षा आहे. सरकत्या जिन्यावर सारे डाव्या बाजूला उभे राहतात आणि उजवी बाजू घाईत असणाऱ्यांसाठी मोकळी सोडतात, हे तू शिस्तीचा नमुना म्हणून लिहिले आहेस. वस्तुतः रेल्वे कंपन्या वर्षानुवर्षे फलक लावून उलट सांगत आहेत: दोन्ही बाजूंना उभे राहा, चालू नका. टोकियोला लागून असलेल्या साइतामा प्रांताने तर २०२१ मध्ये जिन्यावर थांबूनच राहावे असा नियम केला. तरीही टोकियोतली उजवी बाजू मोकळीच राहते. येथे लोक नियम पाळत नाहीत, एकमेकांना पाळतात. आणि ओसाकात बाजू नेमकी उलटी असते. सायकलींचेही तसेच आहे. कायद्याच्या दृष्टीने सायकल हे वाहन आहे आणि काही अपवाद वगळता तिने रस्त्याच्या डाव्या कडेने जायचे असते. प्रत्यक्षात पुढे-मागे दोन मुले बसवलेली आई पदपथावरूनच वाट काढत असते, कारण रस्त्यावर तिला भीती वाटते. धूम्रपान पाहा. चियोदा प्रभागाने २००२ मध्ये रस्त्यावर सिगारेट ओढणाऱ्यांकडून दोन हजार येन दंड घेण्यास सुरुवात केली, ती केवळ विनंती करून भागेना म्हणूनच. शिबुया प्रभागाला स्थानकाच्या परिसरात संध्याकाळी सहापासून पहाटे पाचपर्यंत रस्त्यावर मद्यपान करण्यास ऑक्टोबर २०२४ पासून बाराही महिने बंदी घालावी लागली. जेथे जेथे फलक दिसेल तेथे तेथे समज की फलकावर लिहिलेली गोष्ट कोणीतरी करत होते, बहुधा अजूनही करते आहे. टोकियोत फलक अतोनात आहेत. ते वाचण्यापुरते जपानी शिकायला वर्षभर लागेल, पण वाचता आलेला प्रत्येक फलक तुला एकेका जुन्या भांडणाची माहिती देईल.

यानंतर तुला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. कोन वाजिरो हे मूळचे वास्तुरचना आणि ग्रामीण घरे यांचे अभ्यासक. १९२३ च्या भूकंपाने आणि आगीने टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी लोकांनी मिळेल त्या साहित्यातून उभारलेली झोपडीवजा घरे चितारायला सुरुवात केली, आणि तेथून त्यांचे लक्ष जिवंत शहराकडे वळले. १९२५ मध्ये ते आपला सहकारी योशिदा केन्किची आणि इतर मदतनिसांना घेऊन गिंझा या टोकियोतल्या उच्चभ्रू बाजारपेठेच्या पदपथावर उतरले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कपडे मोजू लागले. टोपी, कॉलर, बूट, केसांची रचना, मिशा, सारे तक्त्यात मांडले. त्या काळच्या मासिकांतून पाश्चात्त्य पोशाख केलेल्या ‘आधुनिक मुलीं’ची इतकी चर्चा चालली होती की गिंझा अशा मुलींनी भरून वाहत असावे असे कोणालाही वाटले असते. मोजणीत दिसले ते असे: पुरुषांपैकी सुमारे ६७ टक्के पाश्चात्त्य पोशाखात, आणि स्त्रियांपैकी अवघ्या सुमारे १ टक्का. त्या एका टक्क्याने सगळ्यांची नजर वेधून घेतली होती. त्याच वर्षी त्यांनी होंजो आणि फुकागावा या कामगारवस्तीच्या भागांतही अशीच पाहणी केली, केवळ श्रीमंत गिंझावर समाधान मानले नाही. तुझ्या वहीत ‘सगळे’, ‘कोणीच नाही’ आणि ‘नेहमी’ हे शब्द जेथे जेथे आले आहेत, तेथे तेथे पेन्सिलीने वर्तुळ काढ आणि स्वतःला विचार की गिंझातल्या त्या एक टक्क्याची ही गंमत तर नाही ना. ‘गाडीत सगळे फोनमध्ये डोके घालून बसतात’ हे वाक्य मोजून पाहायला समोरचा एक बाक पुरेसा आहे. किती जण फोनमध्ये, किती जण झोपलेले, किती जण पुस्तकात, आणि किती जण नुसतेच समोर पाहणारे, हे सकाळी आणि रात्री वेगवेगळे येईल आणि सोमवारचा आकडा रविवारला जुळणार नाही.

मोजण्याच्या जोडीने थोडे विक्षिप्तपणही हवे. कलावंत आकासेगावा गेन्पेई यांना १९७२ मध्ये योत्सुया भागात एक जिना दिसला, जो चढून कोठेच जाता येत नव्हते. वर दार नाही, फक्त भिंत. तरीही त्याचा कठडा कोणीतरी दुरुस्त करून ठेवला होता. अशा निरुपयोगी पण जपून राखलेल्या वस्तूंचा ते पुढे शोधच घेत राहिले, आणि १९८६ मध्ये समविचारी मित्रांबरोबर त्यांनी रस्त्यांचे निरीक्षण करणारी एक मंडळी स्थापन केली. हे अर्ध्या थट्टेने चालले होते, पण त्यांच्या छायाचित्रांतून झपाट्याने पाडल्या जाणाऱ्या टोकियोची अशी नोंद राहिली, जी कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. ज्या शहरात तू निरीक्षणे करते आहेस, त्या शहराने स्वतःकडे पाहण्याची स्वतःची परंपरा घडवली आहे, हे परदेशी पाहुण्याने विसरू नये.

परदेशी डोळ्याला जे दिसते ते स्थानिकाला दिसत नाही, असे म्हणतात, आणि त्याच्या समर्थनार्थ अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांचे उदाहरण देता येईल. १८७७ मध्ये जपानला आल्यावर थोड्याच दिवसांत योकोहामाहून टोकियोला जाताना त्यांना आगगाडीच्या खिडकीतून ओमोरीजवळ रुळांलगतच्या खोदलेल्या उतारात शिंपल्यांचा थर दिसला, आणि पुढे तेथे उत्खनन होऊन जपानमधल्या शास्त्रीय पुरातत्त्वाची सुरुवात झाली. ती रेल्वे १८७२ पासून सुरू होती. हजारो लोक तो उतार पाहत गेले होते. परंतु मोर्स यांच्या आधी त्या मार्गाने इतर परदेशी माणसेही गेलीच होती. मोर्स यांना तो थर ओळखता आला, कारण शिंपल्यांचा अभ्यास हेच त्यांचे काम होते आणि तसे ढीग त्यांनी मायदेशी पाहिलेले होते. तेव्हा केवळ नवखेपणाच्या बळावर फार दूर जाता येत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास तुझ्या भागात ध्वनिक्षेपकावरून बालगीताची चाल वाजते आणि ती ऐकून तुला गलबलून येते, असे तू लिहिले आहेस. गलबलून येऊ दे. पण तो आपत्तीच्या सूचना देणाऱ्या यंत्रणेचा ध्वनिक्षेपक आहे आणि तो चालू आहे की नाही याची चाचणी म्हणूनही ती चाल रोज वाजवली जाते, हे ठाऊक झाल्यावर त्याच चालीत तुला भूकंपाची तयारी ऐकू येईल. हिवाळ्यात अनेक प्रभागांत ती लवकर वाजते, कारण अंधार लवकर पडतो आणि मुलांनी त्याआधी घरी परतावे असे मोठ्यांना वाटते.

मुलांचा विषय निघाला आहे तर तेही सांगतो. पहिलीतली मुले एकटी शाळेत जातात, हे पाहून तू चकित झालीस. एप्रिल हा त्यांच्याही शाळेचा पहिला महिना, म्हणून तुला दप्तरांवरची पिवळी आवरणे आणि पिवळ्या टोप्या इतक्या दिसल्या. ही मुले एकटी आहेत का, ते नीट पाहा. त्यांचा शाळेचा रस्ता ठरवून दिलेला असतो. चौकात झेंडा घेऊन एखादे आजोबा किंवा पालक उभे असतात. वाटेतल्या काही दुकानांच्या आणि घरांच्या दारांवर संकटातल्या मुलाने येथे यावे असे सांगणारे चिकटपत्र असते. कित्येकांच्या दप्तराच्या पट्ट्याला धोक्याचा गजर लटकवलेला असतो. एवढे सगळे उभे केल्यावर एक सहा वर्षांचे मूल एकटे चालू लागते.

या आजोबांवरून तुला एक सुचवतो. रस्त्यावर कोण कामाला आहे, याची स्वतंत्र नोंद ठेव. खोदकामाशेजारी लाल दांडी हलवत पादचाऱ्यांना वाकून वाट दाखवणारा रखवालदार पाहा; त्याचे केस बहुधा पांढरे असतील. जपानच्या लोकसंख्येत पासष्टीच्या पुढची माणसे २९ टक्क्यांच्या आसपास आहेत आणि त्यांतली जवळपास चौथा हिस्सा माणसे अजून काही ना काही काम करतात. काहींना कामाची आवड असते, काहींना निवृत्तिवेतन पुरत नाही. चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानातल्या गल्ल्यापाशी छातीवरची नावपट्टी वाच; ती नेपाळी किंवा व्हिएतनामी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यातले अनेक जण तुझ्यासारखेच विद्यार्थी आहेत, ज्यांना सत्र चालू असताना परवान्याने आठवड्याला २८ तासच काम करता येते. उद्यानातल्या बाकाच्या मधोमध बसवलेला लोखंडी दांडा हाताने चाचपून पाहा. तो हात टेकायला आहे असे म्हणता येते. त्याच्यामुळे बाकावर आडवे होता येत नाही, हेही खरे. शहराची नीटनेटकी बाजू कोणाच्या श्रमांवर चालते आणि तिच्यातून कोणाला बाहेर ठेवले जाते, हे ज्या टिपणांत येत नाही ती टिपणे मला प्रवासी कंपनीच्या माहितीपत्रकासारखी वाटतात.

छायाचित्रांबाबत माझे मत थोडे कडक आहे. तू पाठवलेल्या छायाचित्रांपैकी निम्म्यांत अनोळखी माणसांचे चेहरे स्पष्ट दिसतात आणि दोनांत शाळकरी मुले आहेत. ती कोठेही प्रसिद्ध करू नकोस, मुलांची तर काढूनच टाक. जपानमध्ये स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क न्यायालये मानतात आणि लोकही तो गांभीर्याने घेतात. तेथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांत छायाचित्र घेताना होणारा आवाज बंद करता येत नाही, हे तुझ्या ध्यानात आले असेल; चोरून छायाचित्रे काढण्याचा उपद्रव वाढल्यामुळे कंपन्यांनी स्वतःहून तशी योजना केली. गर्दीच्या गाड्यांतल्या केवळ स्त्रियांसाठी राखीव डब्यांचीही अशीच गोष्ट आहे. टोकियोत ते अलीकडच्या काळात २००१ च्या सुमारास पुन्हा सुरू झाले आणि त्यांच्यामागे विनयभंगाच्या असंख्य तक्रारी होत्या. फलाटावरची ती गुलाबी खूण आणि त्याच फलाटावरची सरळ रांग एकाच टिपणात यायला हवी. तुझा फोन येथून नेलेला असल्यामुळे तो आवाज करत नाही, म्हणून तुझ्यावर जबाबदारी अधिक. त्यापेक्षा रेखाटन कर. रेखाटनाला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ एका जागी उभे राहिल्याशिवाय सायकल उभी करणाऱ्या माणसाने कुलूप कोणत्या चाकाला लावले, हे दिसत नाही.

तू नुसती पाहणारी नाहीस, त्या रस्त्यावर तूही दिसतेस. गाडीत तुझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली, हे तू एका ओळीत लिहून पुढे सरकलीस. बोचले असावे, म्हणूनच आवरते घेतलेस असे मला वाटते. ते सविस्तर लिही. तारीख, वेळ, गर्दी, बसणाऱ्याने जागा पाहिली की नाही, सारे. मग ते दुःखही राहील आणि पुरावाही. निवासपत्र कायम जवळ बाळग. सोळा वर्षांवरील परदेशी रहिवाशाला ते सक्तीचे आहे आणि जवळ नसल्यास दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. पोलिसाने थांबवले तर शांतपणे दाखव, कारण विचार आणि घरी येऊन लगेच प्रसंग लिहून काढ. केवळ दिसण्यावरून वारंवार थांबवले जाते, अशी तक्रार घेऊन जानेवारी २०२४ मध्ये तीन परदेशी वंशाचे रहिवासी टोकियोतल्या न्यायालयात गेले, त्यावरून हा अनुभव तुझ्या एकटीचा नसेल हे कळेल. उलट बाजूने हेही लक्षात घे की एदोगावा प्रभागातल्या निशी-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्याच प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये मूळचे मराठी असलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. तेथे सुट्टीच्या दिवशी जेवायला जातेस तेव्हा वही घरी ठेवतेस, असे दिसते, कारण त्या भागावर एकही टिपण नाही. तोही टोकियोचाच रस्ता आहे.

पुढच्या खेपेला शंभर विषय पाठवू नकोस. तुझ्या स्थानकाजवळचा एकच चौक निवड. जूनमध्ये तेथे पावसाळी दिवस सुरू होतील. छत्री धरून सायकल चालवण्यास टोकियोत मनाई आहे. पावसाच्या दोन वेगवेगळ्या सकाळी, एकाच वेळी, एकाच कोपऱ्यावर अर्धा तास उभी राहून किती सायकलस्वार छत्री धरून गेले, किती रेनकोटात होते, कितींनी हँडलला छत्री अडकवायची दांडी बसवली होती आणि किती जण भिजतच गेले, ते मोज. वय अंदाजाने लिही, पण अंदाज आहे असे म्हण. चौकाचा नकाशा काढताना रस्त्यांची रुंदी पावलांत दे, उत्तर दिशा दाखव आणि कोपऱ्यावरच्या खांबावरची पत्त्याची पाटी जशीच्या तशी उतरवून घे, कारण तेथील बहुतेक रस्त्यांना नावे नसतात आणि पत्ता रस्त्यांनी वेढलेल्या घरांच्या ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) क्रमांकांवरच चालतो. मोजणीचे कच्चे कागदही पाठव; बेरीज मला स्वतः करून पाहायची आहे.

तुझे,
सर